सामाईक लायब्ररी व आज्ञावलींची जोडणी

संगणकावर चालणाऱ्या निरनिराळ्या आज्ञावलींना म्हणजे प्रोग्रॅमांना समान रीतीने लागणाऱ्या उपआज्ञावलींचा जो संग्रह साठवणीत एकाच फायलीच्या व स्मृतीत शक्यतो एकाच प्रतीच्या रूपाने असतो आणि आज्ञावली चालू होण्याच्या वेळी तिच्याशी जोडला जातो, त्या संग्रहास सामाईक लायब्ररी असे म्हणतात. अशा फायलींच्या नावात विंडोज प्रणालीमध्ये डीएलएल, लिनक्समध्ये एसओ व मॅकओएसमध्ये डायलिब ही अक्षरे असतात. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः डेस्कटॉप संगणकावरील लिनक्स या परिचालन प्रणालीच्या आधारे विवेचन केले आहे; कारण तीमधील जोडणीची सर्व साधने उघडी असून ती कोणालाही तपासून पाहता येतात.

लायब्ररीचे प्रयोजन मराठी मजकुराच्या उदाहरणावरून चांगले लक्षात येते. ‘दुसऱ्या’ हा शब्द संगणकाच्या स्मृतीत केवळ वर्णांच्या क्रमांकांची एक ओळ म्हणून असतो. तो पडद्यावर उमटविण्यापूर्वी ‘ऱ्या’ मधील र चे निराळे अर्धे रूप निवडावे लागते. इतर शब्दांत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी न्यावी लागते, रफार कोठे चढवावयाचा हे ठरवावे लागते आणि हवे ते जोडाक्षर टंकात आहे की नाही, तेही पहावे लागते. पत्रलेखनाच्या, हिशेबाच्या, चित्रे पाहण्याच्या अशा प्रत्येक आज्ञावलीच्या कर्त्याने हे काम स्वतंत्रपणे करावयाचे म्हटले, तर श्रम वाया जातीलच. शिवाय प्रत्येकाच्या चुकाही निराळ्या राहतील. लिनक्समध्ये हे काम बहुधा हार्फबझ या लायब्ररीकडे सोपविलेले असते. तीत दुरुस्ती झाली की, तिच्याशी जोडलेल्या सर्व आज्ञावलींत मराठी मजकूर एकाच वेळी नीट दिसू लागतो आणि त्यांच्या मूळ संहितेला हातही लावावा लागत नाही. हा लाभ मोठा आहे. परंतु त्यासाठी लायब्ररी व आज्ञावली यांच्यामध्ये जो अलिखित करार पाळावा लागतो, त्यातच या विषयाची खरी कठीणता आहे.

इतिहास : उपआज्ञावलींचा संग्रह करण्याची कल्पना आधुनिक संगणकाइतकीच जुनी आहे. केंब्रिज विद्यापीठात १९४९ मध्ये कार्यान्वित झालेल्या एडसॅक या संगणकासाठी मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर व स्टॅन्ली गिल यांनी अशा संग्रहाची पद्धतशीर उभारणी केली व तिच्यावर आधारित ग्रंथ १९५१ मध्ये प्रसिद्ध केला. तेथे लायब्ररी हा शब्द जवळजवळ वाच्यार्थानेच लागू होता. प्रत्येक उपआज्ञावली छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवर असे, त्या फिती कपाटात ठेवीत आणि काम करणारा हवी ती फीत काढून तिची नक्कल आपल्या आज्ञावलीच्या फितीवर यंत्राने उतरवून घेई. आज जिला स्थिर जोडणी म्हणतात, तिचे हे मूळ रूप होय. प्रत्येक आज्ञावलीत उपआज्ञावलीची स्वतःची प्रत असे व एकदा नक्कल झाल्यावर कपाटातील फितीशी तिचा संबंध उरत नसे.

जोडणी शक्य तितकी पुढे ढकलावी, म्हणजे एखाद्या उपआज्ञावलीचा उल्लेख प्रत्यक्ष चालताना प्रथम आला की मगच तिचा शोध घ्यावा, हा विचार १९६० नंतरच्या दशकात मल्टिक्स या प्रणालीत अमलात आला. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, बेल प्रयोगशाळा व जनरल इलेक्ट्रिक यांनी ही प्रणाली संयुक्तपणे हाती घेतली होती. तिच्यानंतर आलेल्या युनिक्स प्रणालीने साधेपणासाठी हा विचार बाजूस ठेवला व बरीच वर्षे केवळ स्थिर जोडणीवर काम भागविले. पुढे खिडक्या व चित्रे दाखविणाऱ्या लायब्रऱ्या अवाढव्य झाल्या आणि छोट्याशा आज्ञावलीलाही त्यांची प्रत पोटात बाळगावी लागू लागली, तेव्हा ही काटकसर महाग पडू लागली. विंडोजच्या १९८५ मधील पहिल्या आवृत्तीपासूनच गतिक जोडणीची सोय होती. सन कंपनीच्या सनओएस ४ मध्ये (१९८८) युनिक्सकुळातील आजच्या पद्धतीचा पाया घातला गेला. लिनक्समधील आरंभीच्या सामाईक लायब्रऱ्यांना स्मृतीतील ठराविक पत्ते वाटून दिलेले असत व दोन लायब्रऱ्यांचे पत्ते एकमेकांवर येऊ नयेत म्हणून त्यांची एक सामाईक नोंदवही ठेवावी लागे. १९९५ च्या सुमारास ईएलएफ हा फायलींचा नमुना स्वीकारला गेल्यावर ही कटकट संपली.

स्थिर जोडणी : कंपायलर या नावाने ओळखला जाणारा भाषांतरक मूळ संहितेचे यंत्रभाषेतील तुकड्यांत रूपांतर करतो. अशा प्रत्येक तुकड्यासोबत दोन याद्या असतात. या तुकड्यात कोणकोणती संकेतनामे उपलब्ध आहेत, हे एक यादी सांगते. बाहेरून कोणती हवी आहेत व त्यांचे पत्ते संहितेत कोठे भरावयाचे, हे दुसरी सांगते. हे तुकडे एकत्र आणून मागणी व पुरवठा यांची सांगड घालणाऱ्या आज्ञावलीस जोडक म्हणतात. स्थिर जोडणीत जोडक लायब्ररीतील फक्त लागणारे तुकडे उचलून तयार फायलीत समाविष्ट करतो. युनिक्सकुळातील जोडक आज्ञेतील फायली परंपरेने डावीकडून उजवीकडे एकदाच वाचतो व त्या क्षणापर्यंत जी मागणी नोंदली गेली असेल, तेवढीच भागवितो. त्यामुळे लायब्ररीचे नाव ती वापरणाऱ्या तुकड्याच्या आधी लिहिल्यास, लायब्ररी समोर असूनही संकेतनाम सापडत नसल्याची तक्रार येते. नवशिक्यांचे अनेक तास या एका कारणाने वाया जातात आणि जोडकाचा संदेश खऱ्या कारणाविषयी एक अक्षरही बोलत नाही.

गतिक जोडणी : येथे जोडणीचे काम दोन हप्त्यांत होते. पहिल्या हप्त्यात, म्हणजे आज्ञावली तयार होताना, जोडक लायब्ररीतील संहिता उचलीत नाही. हवी ती संकेतनामे लायब्ररीत आहेत एवढी खात्री करून घेऊन तो तयार फायलीत फक्त गरजेच्या लायब्रऱ्यांची नावे लिहून ठेवतो. चालनकालीन जोडक कोणत्या मार्गावर सापडेल, हेही त्याच फायलीत नमूद असते. दुसरा हप्ता वापरणाऱ्याच्या संगणकावर, प्रत्येक वेळी आज्ञावली सुरू होताना, पार पडतो. परिचालन प्रणालीचा गाभा आज्ञावली स्मृतीत आणतो, पण प्रथम चालनकालीन जोडकाच्या हाती सूत्रे देतो. हा जोडक गरजेच्या लायब्रऱ्या शोधतो, त्यांना आणखी ज्या लायब्रऱ्या हव्या असतील त्याही आणतो, सर्व पत्ते जुळवितो आणि मगच मूळ आज्ञावली चालू होते. लहानशा दिसणाऱ्या आज्ञावलीमागे अशा रीतीने पन्नास-साठ लायब्रऱ्या उभ्या राहणे डेस्कटॉपवर नित्याचे आहे.

लायब्ररी कोठे शोधावी याचा क्रम ठरलेला आहे. फायलीतच नोंदलेला मार्ग, वापरणाऱ्याने पर्यावरण-चलाद्वारे सुचविलेला मार्ग, प्रणालीने आधीच तयार करून ठेवलेली सूची आणि शेवटी नेहमीच्या निर्देशिका, असा तो स्थूलमानाने असतो. फायलीत नोंदलेल्या मार्गाचे जुना व नवा असे दोन प्रकार आहेत. जुना प्रकार वापरणाऱ्याच्या सूचनेला जुमानीत नाही, नवा प्रकार तिला अग्रक्रम देतो. वापरणाऱ्याच्या सूचनेला मर्यादाही आहे : धन्यापेक्षा अधिक अधिकाराने चालणाऱ्या आज्ञावलींच्या बाबतीत ती दुर्लक्षिली जाते. तसे नसते, तर कोणालाही आपली बनावट लायब्ररी पुढे करून तिच्यातील संहिता व्यवस्थापकाच्या अधिकाराने चालविता आली असती.

एकच लायब्ररी शेकडो आज्ञावलींत वाटली जाते ती पुढीलप्रमाणे. लिनक्समध्ये स्मृतीचे व्यवहार बहुतेक डेस्कटॉप संगणकांवर ४,०९६ बाइटांच्या पानांत होतात. लायब्ररीतील संहितेची पाने चालताना बदलत नसल्यामुळे प्रत्यक्ष स्मृतीत त्यांची एकच प्रत पुरते व ती प्रत्येक आज्ञावलीच्या पत्त्यांच्या अवकाशात दाखविता येते. बदलणाऱ्या माहितीच्या पानांची मात्र, लेखन होताच, त्या त्या आज्ञावलीपुरती निराळी प्रत काढली जाते. सी भाषेची जीएनयू लायब्ररी सु. २ मेगाबाइटांची आहे आणि डेस्कटॉपवर एका वेळी दोनशे आज्ञावली सहज चालू असतात. त्या प्रत्येकीने तिची पूर्ण प्रत बाळगली, तर ४०० मेगाबाइट स्मृती एकाच मजकुराच्या पुनरावृत्तीत जाईल. (स्थिर जोडणीत लागणारे तेवढेच तुकडे उचलले जात असल्याने प्रत्यक्ष नासाडी एवढी होत नाही, हे येथे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.)

परंतु ही वाटणी साधण्यासाठी संहितेत कोठेही ठाम पत्ता लिहिलेला चालत नाही. कारण तीच पाने एका आज्ञावलीत एका पत्त्यावर, तर दुसरीत भलत्याच पत्त्यावर दिसत असतात. सुरक्षेसाठी हे पत्ते प्रत्येक वेळी मुद्दाम बदललेही जातात. म्हणून संहिता स्थाननिरपेक्ष लिहिली जाते व बाहेरच्या उपआज्ञावलीस बोलाविताना ती पत्त्यांच्या एका तक्त्यात डोकावते. तक्ता प्रत्येक आज्ञावलीचा स्वतंत्र असतो व तो चालनकालीन जोडक भरतो. सर्व पत्ते आरंभीच भरण्यात वेळ जातो, म्हणून एखाद्या उपआज्ञावलीस पहिल्यांदा बोलाविल्यावरच तिचा पत्ता शोधून तक्त्यात लिहिण्याची आळशी पद्धत अनेक वर्षे रूढ होती. मात्र या पद्धतीत तक्ता कायम लिहिता येण्याजोगा ठेवावा लागतो व घुसखोराने त्यातील एक पत्ता बदलला की सूत्रे त्याच्या हाती जातात. त्यामुळे अनेक लिनक्स वितरणांत आता सर्व पत्ते आरंभीच भरून तक्ता कुलूपबंद करण्याकडे कल आहे.

नावे, आवृत्त्या व करार : हार्फबझची फाईल उघडून पाहिल्यास एकाच लायब्ररीची तीन नावे आढळतात. संपूर्ण आवृत्तिक्रमांक असलेले नाव प्रत्यक्ष फायलीचे असते. ‘लिबहार्फबझ.एसओ.०’ हे दुसरे नाव आज्ञावलींत नोंदले जाते व ते प्रत्यक्ष फायलीकडे बोट दाखविते. क्रमांक नसलेले तिसरे नाव फक्त आज्ञावली तयार करणाऱ्यांसाठी असते. दुसऱ्या नावातील शेवटचा आकडा म्हणजेच कराराचा क्रमांक होय. उपआज्ञावलीची नावे, त्यांना द्यावयाच्या मूल्यांचा क्रम व आकार, माहितीच्या रचनेतील घटकांची स्थाने यांपैकी काहीही जुन्या आज्ञावलीला बाधेल अशा रीतीने बदलले, तर हा आकडा वाढविणे लायब्ररीच्या कर्त्यावर बंधनकारक मानतात. आकडा तोच असेल, तर नवी फाईल जुनीच्या जागी निर्धास्तपणे ठेवता आली पाहिजे. एखाद्या रचनेच्या मध्यभागी चार बाइटांचा नवा घटक घातला, तरी मूळ संहिता विनातक्रार भाषांतरित होते. आधीच तयार असलेली आज्ञावली मात्र जुन्याच स्थानांवरून वाचीत राहते व भलतीच माहिती उचलते. यंत्रपातळीवरील करार मोडल्याची सूचना कोणी देत नाही, म्हणूनच तो मोडणे घातक ठरते.

सी भाषेच्या लायब्ररीवर प्रणालीतील जवळजवळ प्रत्येक आज्ञावली अवलंबून असल्याने तिचा आकडा वाढविणे व्यवहारात अशक्यप्राय आहे. ‘लिबसी.एसओ.६’ हे तिचे नाव १९९७ पासून बदललेले नाही. त्याऐवजी तीत प्रत्येक संकेतनामाला आवृत्तीची चिठ्ठी लावलेली असते व एकाच नावाच्या उपआज्ञावलीची जुनी आणि नवी अशी दोन्ही रूपे शेजारी नांदतात.

या सोयीचे मोल २०१० मधील एका घटनेने दाखवून दिले. स्मृतीतील मजकूर एका जागेवरून दुसऱ्या जागी उतरविणाऱ्या मेमकॉपी या उपआज्ञावलीचे अधिक वेगवान रूप त्या वर्षी जीएनयू लायब्ररीत आले व काही प्रक्रियकांवर ते मजकूर शेवटाकडून आरंभाकडे उतरवू लागले. मूळ व इष्ट जागा एकमेकींवर येत असतील, तर मेमकॉपी वापरू नये, मेममूव्ह वापरावी, असे सी भाषेचे प्रमाण पहिल्यापासून बजावीत आले आहे. तरीही फ्लॅश प्लेअर या त्या काळी सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या आज्ञावलीत हा नियम मोडलेला होता. जुन्या रूपात ही चूक झाकली जात असे. फेडोरा १४ या वितरणातून नवे रूप लोकांच्या संगणकांवर पोहोचताच गाण्यांचा आवाज खरखरू लागला. लायब्ररीच्या कर्त्यांचे म्हणणे असे, की चूक फ्लॅशची आहे आणि प्रमाणाच्या दृष्टीने ते निर्विवाद खरे होते. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी उलट बाजू घेतली : वापरणाऱ्याला प्रमाणाशी कर्तव्य नसते, काल चालत होते ते आज चालेनासे झाले एवढेच त्याला दिसते. अखेर २०११ मधील २.१४ या आवृत्तीत मेमकॉपीला नवी चिठ्ठी देण्यात आली. त्यापूर्वी तयार झालेल्या ६४-बिट आज्ञावलींच्या जुन्या चिठ्ठीमागे मेममूव्हचे सुरक्षित वर्तन ठेवले गेले व वेगवान रूप केवळ नव्याने जोडल्या जाणाऱ्या आज्ञावलींच्या वाट्यास आले. प्रस्तुत लेखकाच्या मते हा निवाडा योग्य होता. कारण लायब्ररीचा खरा करार दस्तऐवजात लिहिला त्याहून मोठा असतो व तिच्या प्रत्यक्ष वर्तनावर विसंबलेल्या प्रत्येक आज्ञावलीपर्यंत तो पसरतो.

या चिठ्ठ्यांमुळे एक उलट अडचणही उद्‌भवते. नव्या प्रणालीवर तयार केलेली आज्ञावली जुन्या प्रणालीवर नेल्यास हवी ती चिठ्ठी तेथे सापडत नाही व आज्ञावली सुरूच होत नाही. म्हणून ज्यांना आपली आज्ञावली तयार स्वरूपात वाटावयाची असते, ते ती मुद्दाम जुन्या प्रणालीवर तयार करतात.

दुरुस्ती व धोका : झेडलिब या माहिती आवळणाऱ्या लायब्ररीत, स्मृतीचा तोच भाग दोनदा परत करण्याचा दोष असल्याचे मार्च २००२ मध्ये जाहीर झाले व १.१.४ या आवृत्तीत तो काढण्यात आला. सामाईक लायब्ररी वापरणाऱ्या आज्ञावलींसाठी एक फाईल बदलणे पुरले. परंतु ज्यांनी झेडलिबची प्रत आपल्या पोटात घेतली होती, त्या आज्ञावली हुडकून काढून प्रत्येक नव्याने तयार करावी लागली. खुद्द लिनक्सच्या गाभ्यातही तिची एक प्रत होती. एप्रिल २०१४ मध्ये उघडकीस आलेल्या ओपनएसएसएलमधील ‘हार्टब्लीड’ दोषाच्या वेळी सामाईक फाईल बदलण्याचा उपाय पुन्हा उपयोगी पडला. मात्र त्या वेळी आणखी एक बारकावा पुष्कळांच्या ध्यानात आला. तबकडीवरची फाईल बदलली, तरी आधीपासून चालू असलेल्या आज्ञावली स्मृतीतील जुन्याच पानांवर चालत राहतात. त्या बंद करून पुन्हा सुरू केल्याशिवाय दुरुस्ती लागू होत नाही. अद्ययावत केल्याचा संदेश वाचून निश्चिंत झालेले कित्येक संगणक त्यामुळे उघडेच होते.

लाभ ज्या वाटेने येतो त्याच वाटेने धोकाही येतो, हे मार्च २०२४ मध्ये दिसले. एक्सझेड या आवळणीच्या साधनाच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्तींतील लायब्ररीत, प्रकल्पाचा विश्वास संपादन केलेल्या एका सहकाऱ्याने चोरवाट घुसविली होती. तिचे लक्ष्य दूरच्या संगणकावर प्रवेश देणारी ओपनएसएसएच ही सेवा होती. या सेवेला मुळात एक्सझेडची गरजच नाही. परंतु काही वितरणांनी तिला सिस्टिमडी या व्यवस्थेच्या लायब्ररीशी जोडले होते आणि ती लायब्ररी एक्सझेडच्या लायब्ररीशी जोडलेली होती. पत्त्यांचा तक्ता कुलूपबंद होण्यापूर्वी, प्रक्रियकास योग्य असे रूप निवडण्यासाठी लायब्ररीला स्वतःची थोडी संहिता चालविण्याची मुभा असते. चोरवाटेने नेमका तोच क्षण साधून स्वाक्षरी तपासणाऱ्या एका उपआज्ञावलीची बोलावणी आपल्याकडे वळविली. प्रवेशास सु. अर्धा सेकंद अधिक का लागतो, याचा छडा लावताना आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला ती सापडली व मुख्य स्थिर वितरणांत पोहोचण्यापूर्वीच रोखली गेली. सिस्टिमडीच्या कर्त्यांनी अशा लायब्रऱ्या आरंभी न जोडता गरज पडेल तेव्हाच मागविण्याची पद्धत नंतरच्या आवृत्तींत स्वीकारली.

इतर प्रणाली : विंडोजमध्ये पूर्वी नव्या आज्ञावलीची स्थापना करताना प्रणालीच्या सामाईक निर्देशिकेतील डीएलएल फाईल तिच्या जुन्या वा विसंगत आवृत्तीने पुसली जाई व असंबद्ध आज्ञावली बंद पडत. विंडोज २००० मध्ये प्रणालीच्या फायलींना संरक्षण व विंडोज एक्सपीमध्ये (२००१) आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवण्याची सोय आल्यावर हा उपद्रव पुष्कळ कमी झाला. विंडोज व मॅकओएस या दोहोंत संकेतनामाबरोबर ते कोणत्या लायब्ररीतील हेही नोंदले जाते. लिनक्समध्ये केवळ नाव नोंदून शोधक्रमात जी लायब्ररी प्रथम लागेल तिचे रूप घेतात. त्यामुळे दोन लायब्रऱ्यांत एकच नाव असल्यास घोटाळा संभवतो, परंतु एखाद्या उपआज्ञावलीच्या जागी परीक्षणासाठी आपले रूप बसविणेही त्यामुळेच सोपे जाते. मॅकओएसच्या ११ व्या आवृत्तीपासून (२०२०) प्रणालीच्या लायब्रऱ्या स्वतंत्र फायलींच्या रूपात तबकडीवर नसतात. त्या सर्वांचा एक पूर्वजोडित साठा असतो.

अलीकडे तबकडी व स्मृती स्वस्त झाल्यामुळे स्थिर जोडणी पुन्हा मूळ धरू लागली आहे. गो या भाषेत ती नेहमीची पद्धत आहे आणि रस्ट भाषेतही बाहेरचे संग्रह बहुधा आज्ञावलीच्या पोटात घेतले जातात. फ्लॅटपॅक व स्नॅप यांसारख्या वेष्टनांत आज्ञावलीसोबत तिच्या लायब्रऱ्याही पुरविण्याची सोय असते व त्यांचा प्रणालीतील लायब्रऱ्यांशी संबंध तोडला जातो. अशी आज्ञावली कोणत्याही वितरणावर चालते, हा कर्त्यांना मोठा दिलासा आहे. दुरुस्तीची जबाबदारी मात्र पुन्हा प्रत्येक कर्त्याकडे जाते. फायरफॉक्स व क्रोम हे ब्राउझर हार्फबझची स्वतःची प्रत बाळगतात. ‘ऱ्या’ च्या मांडणीतील एखादी चूक सामाईक लायब्ररीत सुधारल्यावर ती पत्रलेखनाच्या आज्ञावलीत त्याच दिवशी नाहीशी होते. ब्राउझरमध्ये ती त्याची पुढची आवृत्ती येईपर्यंत तशीच दिसत राहते.